लाल चिमटा

१

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शाळा मी लवकर सोडली, त्यामुळे कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी हा घोळ अजून निस्तरलेला नाही. भारी शब्दही येत नाहीत. चुकलं तिथे सांभाळून घ्या. कॉम्प्युटरवर लिहिलं असतं तर चुका त्यानेच सुधारल्या असत्या. पण हे मी मुद्दाम पेनाने, कागदावर लिहितोय. तिथे आता मला काही ठेवावंसं वाटत नाही.

आमची कंपनी दुसऱ्यांच्या फायली सांभाळते. इमारतीच्या तळघरात एक लांबट खोली आहे, तिथे सर्व्हर उभे असतात, लोखंडी कपाटांसारखे, आणि त्यांच्या खणांत डिस्क बसवलेल्या असतात. खोलीला खिडकी नाही. बाहेर पाऊस आहे की ऊन, ते साहेबांच्या बुटांवरून कळतं.

जुन्या सर्व्हरला आम्ही म्हातारा म्हणतो. त्याच्या जागी नवा आलाय, तो जावई. कारण थंड हवेचा झोत सगळा त्याच्याकडे, आणि त्याने जरा कुरकुर केली की साहेब हातातलं टाकून धावतात. म्हाताऱ्यातल्या फायली जावयाकडे हलवून झाल्या होत्या. आता त्याची एकेक डिस्क तपासायची होती. तपासायची म्हणजे तिच्यावर भरभरून कचरा लिहायचा आणि तोच परत वाचायचा. दोन्हींचा वेग चांगला आला तर डिस्क जावयासाठी राखून ठेवायची. मंद निघाली तर ड्रिलने भोक पाडून भंगारात. काहीही झालं तरी डिस्कवर आधी जे होतं ते पुसलं जातं, पण ते हलवलेलं असतं, म्हणून कोणी हळहळत नाही.

हे काम खरं दादाचं, माझ्या थोरल्या भावाचं. तो आजारी पडला म्हणून साहेबांनी मला त्याच्या खुर्चीत बसवलं. दादाला ते थोरले म्हणायचे, म्हणून मी धाकटे.

"धाकटे, खुर्ची गरम ठेवायची," साहेब म्हणाले. "थोरले बरे झाले की मुकाट्याने उठायचं."

मी मान हलवली. माणसांशी बोलताना माझी जीभ जड होते.

काम मला येत होतं. सुट्टीच्या दिवशी दादा मला सोबतीला नेऊन शिकवायचा. टेस्ट चालू असेल त्या खणाला लाल चिमटा लावायचा, हे पहिलं शिकवलेलं. कपडे वाळत घालायचा साधा प्लास्टिकचा चिमटा. दादाने तो घरच्या दोरीवरून उचलला होता आणि वहिनी अजून त्यावरून टोमणे मारते. चिमटा दिसला की कोणी हात लावायचा नाही. पूर्वी कोणीतरी चालू टेस्टमध्ये डिस्क ओढून काढली आणि शेजारच्याही बिघडवून ठेवल्या. तेव्हापासून साहेब स्वतःसुद्धा चिमट्याला वळसा घालून जातात.

दुसरं शिकवलं ते सर्व्हरच्या लबाडीबद्दल. "नुकतंच लिहिलेलं परत वाच म्हटलं," दादा म्हणायचा, "तर तो डिस्कपर्यंत जातच नाही. डोक्यात असतं तेच सांगून मोकळा होतो. वेग असा दिसतो की डोळे फिरावेत. त्याला भुलायचं नाही. आधी त्याचं डोकं रिकामं कर, मग विचार. मग तो खाली जातो, शोधतो, आवाज येतो, वेळ लागतो. वेळ लागला की समज, आता खरं बोलतोय."

२

दादा एके दिवशी कामावरून आला, बूट न काढता पलंगाच्या कडेला बसला आणि तसाच राहिला. ताप नाही, पडझड नाही, कोणाशी वाजलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदू दमलाय, विश्रांती द्या. आमच्या घरात विश्रांतीची जागा एकच, खिडकीखालचा पलंग. त्याच्या पायथ्याशी वहिनीचं शिलाई मशीन. ती दिवसभर मशीन चालवते आणि दोरा तुटला की तेवढ्यात दादाकडे बघून घेते.

तो जेवायचा, अंघोळ करायचा, चल म्हटलं की चालायचा. बोलायचाही.

"झोप लागली का हो?"

"हो."

"पाणी देऊ?"

"नको."

"बघितलंत भाऊजी?" वहिनी मला म्हणाली. "कशी पटापट उत्तरं देतात. लग्न झाल्यापासून माझ्या कुठल्या गोष्टीला इतक्या लवकर हो म्हणाले नव्हते."

मी हसलो. मग एका संध्याकाळी पलंगाशी बसून मी म्हणालो, "दादा, झोप..."

"हो."

प्रश्न पुरा झाला नव्हता. मी मुद्दाम वेगळं म्हणालो, "दादा, झोपेत मी बडबडतो का?"

"झोपेत" या शब्दालाच त्याचं "हो" येऊन गेलं होतं. पुढचं त्याने ऐकलं नाही.

मला ती लबाडी आठवली. वरच्यावर दिलेलं उत्तर. मग माझीच मला लाज वाटली. सख्खा भाऊ आजारी आहे आणि मी त्याला सर्व्हरच्या मापाने मोजतोय.

पण दुसरंही होतं. वहिनीने त्याला ट्रंकेची किल्ली कुठे ठेवलीय असं विचारलं, तेव्हा तो लगेच बोलला नाही. त्याचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकायला लागले. टोकाला गेले की उडी मारून परत डावीकडे, आणि पुन्हा तसेच. समोर भिंत होती. भिंतीवर काही नव्हतं. वहिनी मशीन थांबवून बघत राहिली. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मशीनच्या खणात, बटणांच्या डब्याखाली."

किल्ली तिथेच होती.

"काय वाचत होता तुम्ही?" वहिनीने हसत विचारलं. हसण्यात जीव नव्हता.

"हो," दादा म्हणाला.

३

म्हाताऱ्याच्या डिस्क मी वरच्या रांगेपासून घेत गेलो. लिहा, वाचा, आकडा टिपा, चिमटा पुढे सरकवा. कंटाळवाणं काम आहे. पंख्यांचा घों-घों आवाज इतका सारखा असतो की थोड्या वेळाने तो ऐकू येत नाही, नुसता अंगात राहतो. घरी गेल्यावरही कान भरलेलेच असतात.

खालच्या रांगेत शेवटच्या खणातली डिस्क राहिली. नोंदीप्रमाणे ती कधी वापरलेलीच नव्हती. उघडून पाहिली, स्क्रीनवर रिकामी. मी चिमटा लावला आणि आधी नुसती वाचायची टेस्ट लावली. वाचल्याने डिस्कला काही होत नाही.

वेग चांगला होता. मग दुपारी अचानक अर्धा झाला.

अर्धा वेग म्हणजे काय, तेही दादाने सांगितलं होतं. त्याच डिस्कवर आणखी कोणीतरी वाचतंय. मी बाकीचं सगळं बंद केलं. बाहेरची वायर काढून टाकली. म्हणजे आता त्या डिस्कपाशी मी एकटा. वेग अर्धाच. मी खाली बसून कान लावला. एकटा वाचणारा असला की डिस्क सलग गुणगुणते. दोघं असले की आतला वाचणारा काटा इकडून तिकडे उड्या मारतो, टक् टक्, टक् टक्. ती टकटकत होती. एक मी, आणि एक अजून कोणीतरी.

मग ते थांबलं आणि वेग पूर्ववत झाला.

जुनी डिस्क आहे, मी स्वतःला म्हणालो. म्हाताऱ्याची हाडं वाजणारच.

साहेबांचं डोकं दारातून आत आलं. "धाकटे, उरकलं का? भंगारवाल्याची गाडी ठरलीय. त्याच्या आत म्हातारा मोकळा करा."

"एकच राहिलीय साहेब."

"मग एकीपुढे आरती काय ओवाळताय? लिहा आणि सोडा."

संध्याकाळी घरी वहिनी चहा गाळत होती. "आज दुपारी डॉक्टर येऊन गेले," ती म्हणाली. "ह्यांना बरंच काय काय विचारलं. लहानपणी कुठे राहायचात, शेजारी कोण होतं. केवढा वेळ डोळे फिरवत होते! पण सगळं बरोबर सांगितलं."

मी कप हातात धरून राहिलो. चहावर साय धरली.

४

दुसऱ्या दिवशी मी लिहायची टेस्ट लावली. साहेबांनी सांगितलं होतं, आणि दोन्ही गोष्टी एकाच दुपारी घडल्या हा योगायोग, असंही मी स्वतःला सांगितलं होतं. डिस्कच्या सुरुवातीपासून शून्यं लिहीत जायची. आकडे सरकायला लागले. डिस्कचा आवाज मात्र गुणगुणण्याचा नव्हता. दाराखाली काही अडकलंय आणि कोणी दार लोटतंय, असा होता.

थोड्याच वेळात फोन वाजला. वहिनी.

"भाऊजी, लवकर या. ह्यांनी पलंगाची कड धरलीय, बोटं पांढरी पडलीत, सुटतच नाहीत. नुसतं डोकं हलवतायत, नाही नाही करत."

मी टेस्ट बंद केली आणि जिने चढत पळालो. रस्त्यातच तिचा परत फोन आला, की सुटली बोटं, आता बरे आहेत, धापा टाकत येऊ नका. तरी मी गेलो. दादा शांत बसला होता. कपाळावर घाम होता आणि वहिनी तो पदराने टिपत होती.

मला बघून तो हसला. मला ओळखलं. मग त्याने माझ्यामागच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे आईचा फोटो आहे. आई जाऊन काही वर्षं झाली. दादा रोज बाहेर पडताना त्या फोटोकडे बघूनच पडायचा.

"ह्या बाई कोण?" त्याने विचारलं. अगदी आदराने, परक्या घरी पाहुणा विचारतो तसं.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. "थट्टा करतायत," ती म्हणाली. "करताय ना हो थट्टा?"

दादा विचारात पडला. डोळे डावीकडे गेले, सरकायला लागले, आणि सुरुवातीलाच अडखळून थांबले. तिथे जणू काही नव्हतंच.

"मी ह्यांना ओळखायला हवं होतं का?" तो म्हणाला. "माफ करा."

मी मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

डॉक्टर फोनवर म्हणाले, अशा आजारात आठवणी जातात, आधी कुठली जाईल ते सांगता येत नाही. हे पटण्यासारखं आहे. मला ते पटवून घ्यायचं होतं. मी शिकलेलो नाही, म्हणून काहीही मानायचं नाही, उलट जपून राहायचं, असं दादाच सांगायचा.

५

खात्री करायची म्हणून मी पुढच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तळघरात एकटा थांबलो. साहेब वर गेले होते. कुठलीच टेस्ट लावली नाही. चिमटा काढून टेबलावर ठेवला. वायर काढलेलीच होती. स्क्रीनवर स्पष्ट होतं, त्या डिस्कवर कोणी काही करत नाही. काम चालू असलं की पेटणारा तिचा दिवा विझलेला. मी खाली फरशीवर तिच्यासमोर मांडी घालून बसलो आणि वहिनीला फोन लावून तो स्पीकरवर मांडीवर ठेवला.

"फोन दादाच्या कानाशी धरा. आणि तुम्ही काही बोलू नका."

"काय चाललंय भाऊजी?"

"धरा तर."

पलीकडे मशीन थांबलं. पलंग करकरला.

"दादा, जेवलास?"

"हो," लगेच. डिस्क गप्प. दिवा विझलेला.

मला बरं वाटलं. इथेच उठायला हवं होतं. पण टेस्ट अर्धवट सोडायची नाही, ही सवयही त्याचीच.

"दादा," मी म्हणालो, "मी शाळेत नवीन होतो तेव्हा माझा एक बूट हरवला होता. शेवटपर्यंत सापडला नाही. तुला काही आठवतं?"

फोनवर काहीच नाही. फक्त श्वास.

आणि माझ्यासमोरचा दिवा लागला.

आधी एक बारीक टक्. मग टक् टक्, मग सलग. काटा आत कुठेतरी लांब गेला, परत आला, पुन्हा गेला. फोनमधून वहिनीचा हळू आवाज आला, "डोळे फिरायला लागले..." मी हात पाठीमागे फरशीवर टेकले, कारण मला ती डिस्क धरून ठेवावीशी वाटत होती. किती वेळ गेला ते माहीत नाही. मग खडखड थांबली. दिवा विझला. आणि फोनमध्ये दादा बोलला, त्याच्या खऱ्या आवाजात, जो मी बरेच दिवस ऐकला नव्हता.

"मी लपवला होता. मागच्या पाण्याच्या टाकीत टाकला. तू सकाळपासून रडत होतास, तुला जायचं नव्हतं. बूट नाही म्हणजे शाळा नाही, असं मला वाटलं. त्या बाई तुला ओरडत होत्या, शोध म्हणून. मला सांगवेना."

बूट दादाने लपवला होता हे मला माहीत नव्हतं. वहिनी तेव्हा आमच्या घरात आलेलीही नव्हती.

आईला तो त्या बाई म्हणाला.

एकदा झालं तर योगायोग म्हणता येतो. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं नाही. फोन ठेवला आणि चिमटा परत खणाला लावला.

६

मी काही न करता बसलो नव्हतो. ती डिस्क दुसऱ्या डिस्कवर उतरवून पाहिली. उतरलेली डिस्क नुसती रिकामी. खण ओढून डिस्क घरी न्यावी असंही मनात आलं. पण ओढली की तिची वीज तुटते. आठवड्यापूर्वी जावयाला जोडताना तळघरातली वीज क्षणभर गेली होती. त्याच दुपारी वहिनी म्हणाली होती, की आज हे बसल्या बसल्या खाली कोसळणारच होते, मी धरलं म्हणून.

चांगली ठरवली तर ती जावयाकडे जाणार आणि तिच्यावर कोणाच्या तरी फायली लिहिल्या जाणार. वाईट ठरवली तर ड्रिल. साहेब जाताना म्हणाले, "उद्या सकाळी गाडी. काय तो निकाल द्या, धाकटे. दमलात ना? मीही दमलोय."

साहेबांना काय सांगणार होतो?

संध्याकाळी दादाला भरवून झाल्यावर वहिनी मशीनवर बसली, पण मशीन चालवलं नाही. नुसतं चाक हाताने मागेपुढे फिरवत होती.

"भाऊजी, तो बुटाचा प्रश्न का विचारलात?"

"सहज."

"तुम्ही सहज काही विचारत नाही. तुम्हाला भाजी हवी असली तरी तुम्ही मागत नाही." तिने चाक थांबवलं. "आज दुपारी ते ह्यांचं बोलणं होतं. हो-नाही नव्हतं. खरं बोलणं. आहेत ना हे कुठेतरी? मला फक्त तेवढं सांगा. बरे कधी होतील ते नको सांगू... नका सांगू."

घाईत ती मला अरे-तुरे करून गेली होती, बहीण असल्यासारखी.

"आहे," मी म्हणालो.

"कुठे?"

"मी बघतो," एवढंच म्हणालो.

"तुम्ही कुठे बघणार?" ती डोळे पुसत म्हणाली. "दिवसभर तर तळघरात असता."

दादा भिंतीकडे तोंड करून बसला होता. आईच्या फोटोकडे त्याची पाठ होती.

७

सकाळी मी साहेबांच्या आधी पोचलो. शेवटच्या खणाला चिमटा होताच, तरी काढून पुन्हा घट्ट बसवला. मग वाचायची टेस्ट लावली. नुसती वाचायची. सुरुवातीपासून शेवटापर्यंत, आणि संपली की परत सुरुवातीपासून. वेग ठरवून द्यायची सोय असते. डिस्कवर ताण येऊ नये म्हणून ती ठेवलेली असते, कोणी वापरत नाही. मी वेग अगदी कमी ठेवला.

साहेब भंगारवाल्याला घेऊन आले. बूट कोरडे होते.

"झालं?"

"चालू आहे, साहेब."

"अजून? कधी संपणार?"

"मंद आहे."

"मंद म्हणजे किती मंद?"

"बरीच."

भंगारवाल्याने खणाकडे हात नेला. साहेबांनी त्याचं मनगट धरलं. "चिमटा दिसत नाही का? चालू टेस्टला हात लावत नाहीत इथे." मग बराच वेळ ते त्या चिमट्याकडे बघत राहिले. त्याचा लाल रंग एका बाजूने उन्हाने उडालेला आहे, आमच्या दोरीवरचा.

"थोरल्यांचा आहे ना हा? असू दे. म्हाताऱ्याचं बाकीचं उचला. एवढी वीज चालू राहू दे, संपेल तेव्हा संपेल." दाराशी जाऊन ते वळले. "धाकटे, चहा..."

"हो."

"अरे, घेऊन झालाय का, हे विचारत होतो," साहेब हसले. "प्रश्न तरी पुरा होऊ द्या."

मीही हसलो. ते गेल्यावर काही वेळ मी हसल्यासारखाच बसून होतो.

मग वहिनीला फोन लावला.

"भाऊजी, मी लावणारच होते. तुम्ही कामावर पोचला असाल तेव्हापासून ह्यांचे ओठ हलतायत. आवाज नाही. तोंडातून काही येतच नाही."

सुरुवातीचा भाग मी पुसलेला होता. तिथे शून्यंच होती.

"फोन जवळ धरा," मी म्हणालो. "आणि बसून राहा त्याच्याजवळ. तो जे काही बोलेल ते ऐका. थांबवू नका."

समोर डिस्क सलग गुणगुणत होती. दुसरं कोणी वाचत नव्हतं आज. एकच आवाज होता. आकडे एकेक करून सरकत होते. मी जिथे टेस्ट बंद केली होती ती जागा मला माहीत होती. आकडे तिथे पोचले, आणि पुढे गेले.

फोनमधून आवाज आला. दादाचाच, जाड, दमलेला, एकेक शब्द सुटा.

"घरात बाळ आणलंय. त्या बाई म्हणतात, हा तुझा भाऊ. आधी हात धुऊन ये, मग धर. मी धरला. त्याचं डोकं गरम आहे. तो..."

पलीकडे वहिनी रडत होती का हसत होती, कळत नव्हतं.

मी वेग आणखी खाली आणला, जेवढा आणता येतो तेवढा. चिमटा नीट बसलाय ना ते बघितलं. मग खुर्ची जवळ ओढली आणि पुढच्या शब्दाची वाट बघत बसलो.